चार तासांची सुट्टी

अंगदला चार तास मिळाले होते.
जहाज अल्हेसिरासला लागलेलं,
कंटेनर चढेपर्यंत ज्याला जायचं त्यानं जाऊन यावं.
कुणी बिअर प्यायला गेलं, कुणी बूट घ्यायला.
हा एका चौकात बाकावर बसला
फुकटचं वायफाय शोधून
आणि मला म्हणाला, सत्यशीले,
मला अंबडमध्ये फिरव.

तिथं सव्वाअकरा, इथं पावणेचार.
नवरीचा ब्लाउज सुईखाली तसाच ठेवून मी उठले.
फोन छातीशी धरला, त्याचं तोंड बाहेर करून,
जत्रेत लेकरू धरतात तसा.
हळू चाल की, म्हणाला,
नऊ महिन्यांत बोट लागली नाही,
आता गाडी लागायली बघ.

स्टँडसमोर खाजाभाईचा गाडा.
त्यांनी भज्यांचा झारा कॅमेऱ्यापुढं धरला,
तेलाचा एक थेंब काचेवर उडाला
आणि तिकडं त्यानं गाल पुसला.
वायपर म्हणजे कशाचा रे, जीपचा?
इंजिनातलं तेल पुसतो, चाचा.
मग इथंच ये की, कढई पडलीय माझी.

मग म्हणे, देवीची टेकडी दाखव.
पायऱ्या चढायचा दम नव्हता, खालूनच दाखवली.
तो बराच वेळ गप्प.
अगं, खरंच मासा दिसतो, म्हणाला.
गावात होतो तेव्हा कधीच दिसला नाही.
तुम्ही सांगायचात, मी हो म्हणायचो.

आणि त्यानं त्याचा कॅमेरा फिरवला:
रस्त्याच्या दोन्ही अंगांनी झाडं, लदलेली,
खाली नारिंगी फळं, टायरखाली फुटलेली,
एक बाई त्यांच्यातून बाबागाडी नेत होती.
कुणी वाकत नव्हतं.
अरे, वेच की!
कडू आहेत. तीन खाल्ली.
तीन कशाला?
वाटलं, एखादं निघंल.

मग मीच स्कूटी काढली, शेताकडं.
बागेचा ताण तोडून महिना झालेला,
मोसंबी पांढरीफेक फुललेली.
वास आहे का, त्यानं विचारलं.
आहे.
किती?
मी सांगायला गेले तर शिंकच आली.

दादा दोन वर्षं त्याच्याशी बोललेले नाहीत.
भांडण असं काही नाही;
याचा फोन आला की त्यांना मोटार बघायला जायचं असतं.
आज मात्र त्यांनी फोन लांब धरला,
औषधाच्या बाटलीवरचं वाचतात तसा.
फळ बघितलं. पान बघितलं.
म्हणाले, बुंध्याकडं ने.
आणि अंगद, परक्या मुलखात, भर रस्त्यात,
गुडघे टेकून बसला झाडाच्या मुळाशी.
पोरंटोरं थांबून बघायला लागली.

कलम मेलंय, दादा म्हणाले.
डोळा जळाला अन् खालचा खुंट वर आला.
वेळेवर हात फिरवून फूट काढली असती तर...
सगळ्याच झाडांचं, दादा?
सगळ्याच. बघणारं कुणी नसंल.

तिथं बंदराची बस आली.
तो ठेवतो म्हणाला आणि ठेवलाही,
दादा पुढची दोन मिनिटं काळ्या काचेला
आळवणीचं पाणी कधी द्यायचं ते सांगत होते.

ती झाडं तिकडं शोभेची म्हणूनच लावतात,
कडूच असतात, हे मला नंतर कळलं.
दादांना सांगितलं नाही.

रात्री फोटो आला. तळहातावर बिया,
नखांत इंजिनाचं काळं.
अकरा आहेत. चालतील का?
दादांनी चष्मा शोधला, सापडला नाही,
फोन दिव्याखाली नेला.
खुंटाला चालतील, म्हणाले.
वाळवू नको म्हणावं. ओल्या फडक्यात ठेव.
मी तसंच्या तसं लिहून पाठवलं.
एकच टिक आली.
मशीनचा दिवा लावला,
नवरी सकाळी नवाला येणार होती.